आकाशदर्शनात लेझर पॉइंटर: कोणता घ्यावा, कोणी धरावा, कधी बंद ठेवावा

अंधारात पंचवीस-तीस माणसं उभी आहेत आणि दाखवणारा सांगतोय, "ती बघा रोहिणी, मृगाच्या वर, जरा उजवीकडे." अर्धे लोक मान डोलावतात. उरलेले भलत्याच ताऱ्याकडे बघून मान डोलावतात. हिरवा लेझर हा घोळ दोन सेकंदांत मिटवतो, त्यामुळे आकाश दाखवणाऱ्यांच्या खिशात तो असतोच. पण त्याच कार्यक्रमात तीन जणांनी तीन लेझर काढले की कोणाचाच तारा कोणाला कळत नाही, फोटो काढणाऱ्याची पाच मिनिटांची मेहनत फुकट जाते आणि कोणाच्या तरी डोळ्यांत झोत जाण्याची भीती राहते. यातला बहुतेक त्रास दोनच गोष्टींमुळे होतो: लेझर किती हातांत आहे आणि किती वेळ चालू आहे. पुढचे जवळजवळ सगळे नियम या दोन गोष्टी आवाक्यात ठेवण्यासाठी आहेत.

हिरवाच का, आणि ५ मिलिवॅटच का

झोत आपल्याला बाजूने दिसतो, कारण हवेचे रेणू आणि धूळ त्यातला थोडा प्रकाश विखुरतात. हा विखुरलेला प्रकाश फार मंद असतो, त्यामुळे डोळ्याला कोणता रंग जास्त जाणवतो याला महत्त्व येतं. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (रंग ठरवणाऱ्या मापाच्या) प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. नेहमीचा हिरवा लेझर ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या अगदी जवळचा. ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर तितक्याच पॉवरचा असूनही आकाशात जवळपास दिसत नाही. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा तर घेऊच नये: तो डोळ्याला फिका वाटतो म्हणून लोक जास्त पॉवरचा घेतात आणि जास्त वेळ बघत राहतात, पण फिका वाटला तरी त्याची डोळ्यात शिरणारी ऊर्जा कमी झालेली नसते.

लेझरचे वर्ग पॉवरवरून ठरतात. दिसणाऱ्या प्रकाशासाठी १ मिलिवॅटपर्यंत वर्ग २, १ ते ५ मिलिवॅट वर्ग ३आर, ५ ते ५०० मिलिवॅट वर्ग ३बी आणि त्यापुढे वर्ग ४. वर्ग २ची मर्यादा पापणीच्या वेगावरून आली आहे. प्रखर प्रकाश पडला की साधारण पाव सेकंदात आपण डोळा मिटतो किंवा मान फिरवतो, आणि तेवढ्या वेळात १ मिलिवॅटने इजा होत नाही, असा तो हिशेब आहे. ५ मिलिवॅटला सुरक्षिततेची ही फट बरीच अरुंद होते, वर्ग ३बीला ती उरतच नाही.

काळोख्या जागी ५ मिलिवॅटचा हिरवा झोत वीस-पंचवीस जणांच्या गटाला पुरेसा दिसतो. "५० मिलिवॅटचा घेतला की आणखी लांबून दिसेल" हा मोह महागात पडतो. पॉवर दहापट झाली की झोत ताऱ्यांच्या भाषेत जेमतेम अडीच प्रतींनी (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाची पायरी) उजळतो, पण डोळ्याला धोका असलेलं अंतर तिप्पट होतं: १ मिलिरेडियन, म्हणजे किलोमीटरवर मीटरभर, फाकणाऱ्या ५ मिलिवॅटच्या झोतासाठी ते सुमारे १६ मीटर आहे, ५० मिलिवॅटसाठी ५० मीटर. म्हणजे सगळा गट त्या अंतराच्या आत येतो.

लेबलवर विसंबू नका

स्वस्त पॉइंटरवर छापलेला आकडा बऱ्याचदा खोटा असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप संस्थेने २०१३ साली १२२ लेझर पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, तेव्हा हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. लाल लेझरमध्ये हेच प्रमाण सुमारे ४४ टक्के होतं.

हिरव्याचंच असं का होतं, ते त्याच्या पोटात आहे. ५३२ नॅनोमीटरचा पॉइंटर थेट हिरवा प्रकाश तयार करत नाही. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचे अदृश्य अवरक्त किरण देतो, पहिला स्फटिक त्यांचे १०६४ नॅनोमीटरचे किरण करतो आणि दुसरा स्फटिक त्यांची वारंवारिता दुप्पट करून ५३२ काढतो. उरलेले अवरक्त किरण अडवायला तोंडाशी एक छोटं फिल्टर लागतं. पैसे वाचवायला तेच गाळलं जातं. एनआयएसटीनेच २०१० मध्ये असा एक पॉइंटर दाखवला होता, ज्याचा हिरवा प्रकाश मंद होता आणि अवरक्त मात्र जवळपास २० मिलिवॅट बाहेर पडत होतं. अवरक्त डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. "मंद आहे, बहुतेक खराब असेल" म्हणून एखादा तोंडाशी डोकावतो, ते अशाच पॉइंटरमध्ये.

घरच्या घरी याची ढोबळ तपासणी होते. एक सीडी, मधोमध ५ मिलिमीटरचं भोक असलेला साधारण २५ सेंटिमीटर रुंद पांढरा पुठ्ठा आणि फोन एवढं साहित्य पुरतं. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचं टोक फोनच्या कॅमेऱ्यातून बघा. दिवा लुकलुकताना दिसला, तर तो कॅमेरा अवरक्त पकडतो. मागचा कॅमेरा पकडत नसेल तर सेल्फीचा बघा. आता खोली अंधारी करून पॉइंटर चिमट्यात पक्का बसवा, हातात धरू नका. झोत पुठ्ठ्याच्या मागून भोकातून पुढे जाऊ द्या आणि पुढे १० सेंटिमीटरवर सीडी पुठ्ठ्याला समांतर उभी करा, चकचकीत बाजू पुठ्ठ्याकडे. डोळे सीडीच्या किंवा भोकाच्या रेषेत आणायचे नाहीत, बाजूला उभं राहून फक्त पुठ्ठ्यावरचे ठिपके बघायचे.

सीडीच्या रेघा १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे ठिपके कुठे पडणार ते आधीच सांगता येतं. भोकापासून दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन सेंटिमीटरवर पहिला हिरवा ठिपका आणि नऊ सेंटिमीटरच्या आसपास दुसरा. कॅमेऱ्यात या दोघांच्या मध्ये, सुमारे सहा सेंटिमीटरवर, डोळ्याला न दिसणारा आणखी एक ठिपका उमटला तर ते ८०८ नॅनोमीटर आहे. असा पॉइंटर कार्यक्रमाला नेऊ नका. १०६४ची गळती मात्र या रीतीने सुटी दिसत नाही: तिची तरंगलांबी ५३२च्या नेमकी दुप्पट असल्यामुळे तिचा ठिपका दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच पडतो.

घेताना बटणही बघा. दाबलं तेवढाच वेळ चालू राहणारं हवं. एकदा दाबून चालू आणि परत दाबून बंद अशा बटणाचा पॉइंटर हातातून पडला की जमिनीवर गडगडताना सगळ्यांच्या डोळ्यांवरून फिरतो.

कार्यक्रम सुरू होण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आयोजकाने एकच माणूस नेमावा, जो त्या गटासाठी लेझर धरेल. मोठ्या मैदानावर चार गट असतील तर प्रत्येकी एक, पण कोणता गट कोणत्या दिशेचं आकाश दाखवणार ते वाटून घ्यावं. बाकी सगळ्यांचे पॉइंटर खिशात. हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं की नंतर कोणाला एकट्याला टोकायची वेळ येत नाही. अनुभवी निरीक्षकांनाही हा नियम लागू ठेवावा, किंबहुना त्यांना आधी, कारण सवयीने खिशात हात त्यांचाच जातो.

त्या जागी लेझर चालतो का, हे आयोजकाने आधी विचारून घ्यायचं. काही वेधशाळा आणि निरीक्षण शिबिरं तो पूर्ण बंद ठेवतात. कायदेही देशागणिक वेगळे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जून २०१९ पासून वर्ग १ (सर्वांत सौम्य) सोडून बाकी लेझर पॉइंटरवर बंदी आहे. ऑस्ट्रेलियात १ मिलिवॅटपेक्षा जास्त पॉवरचा हातातला लेझर देशात आणायला परवानगी लागते. विमानतळाच्या आसपास, विमानं उतरण्याच्या मार्गाखाली जागा असेल तर लेझर न्यायचाच नाही, मग कायदा काहीही म्हणो.

फोटो काढणारे कुठे बसलेत ते शोधून त्यांच्याशी बोला. त्यांना विचारायचे प्रश्न दोन: कॅमेरा आकाशाच्या कोणत्या भागाकडे आहे, आणि काम किती वाजता सुरू होणार. पन्नास मीटर लांब आहोत म्हणून चालेल, असं धरून चालू नका. झोत वर जात जात त्यांच्या चौकटीतून आडवा जाऊ शकतो. सर्वांत सोयीचा तोडगा वेळेचा: पहिला तास ओळख करून देण्यासाठी लेझरसह, पुढे लेझर बंद. नवख्यांना नक्षत्रं पहिल्याच तासात दाखवायची असतात आणि दीर्घ छायाचित्रणाला आकाश पूर्ण काळोखं व्हावं लागतं, त्यामुळे दोघांचं सहसा भागतं.

या शिष्टाचाराला हौशी लोकांचं खूळ समजू नये. हवाईतल्या मौना की या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणी वातावरणाचा थरथराट मोजायला आकाशात लेझर सोडतात, आणि एकीचा झोत दुसरीच्या दृष्टिक्षेत्रात येऊ नये म्हणून तिथे संगणकावर चालणारी लेझर-वाहतूक नियंत्रण व्यवस्था आहे. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणींच्या समूहातल्या एकीच्या चार लेझरांची पॉवर प्रत्येकी २२ वॅट आहे, म्हणजे आपल्या पॉइंटरच्या चार हजार पटींहून जास्त.

प्रत्यक्ष दाखवताना

१. गट आपल्या मागे आणि बाजूला, अगदी जवळ घ्या. समोर कोणी नको. याची दोन कारणं आहेत. एक सुरक्षितता. दुसरं भूमितीचं: झोत आपल्या हातातून निघतो, बघणाऱ्याच्या डोळ्यातून नाही. समजा झोत अर्ध्या किलोमीटरपर्यंत ठळक दिसतो. हातापासून दोन मीटरवर उभ्या असलेल्याला त्याचं टोक खऱ्या ताऱ्यापासून फार तर पाव अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीएवढं सरकलेलं दिसेल. वीस मीटरवरच्याला तेच सव्वादोन अंश, चार-साडेचार चंद्रांएवढं. शिवाय झोताच्या रेषेत जवळून बघणाऱ्याला तो उजळ दिसतो, बाजूला लांब उभ्या माणसाला फिका. "मला दिसत नाहीये" म्हणणाऱ्याला पुढे बोलवा, पॉवर वाढवू नका.

२. विमान शोधा. बटणाला हात लावण्याआधी पूर्ण आकाशावरून एक नजर. याबद्दल पुढे सविस्तर.

३. तोंडाने सांगा. "लेझर लावतोय, वर बघा." लोकांची नजर आपसूक हाताकडे वळते, ती वर न्यायला दोन सेकंद द्या.

४. आधी हात, मग बटण. कोपर अंगाला टेकवून, पॉइंटर गालाजवळ धरून ताऱ्यावर नेम धरा आणि मगच दाबा. चालू झोत आकाशात भिरभिरवत तारा शोधणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

५. झोत क्षितिजापासून किमान ३० अंश वर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे एकावर एक तीन मुठी. त्याखालच्या ताऱ्यासाठी शब्द वापरा. टेकडीवर किंवा उताराच्या जागी तर याहूनही वरच राहा, कारण वरच्या वाटेवर कोणी उभं असू शकतं.

६. तीन ते पाच सेकंद, मग बंद. एका नक्षत्राकडून दुसऱ्याकडे जाताना बटण सोडायचंच.

दाखवण्याची हातोटी वेगळी. तेजस्वी ताऱ्यावर थेट झोत ठेवला तर चालतो, पण देवयानी दीर्घिकेसारखी अंधुक गोष्ट हिरव्या रेघेखाली बुडून जाते. तिथे आजूबाजूला छोटं वर्तुळ काढा, बटण सोडा आणि लोकांना त्या रिकाम्या झालेल्या जागेकडे बघू द्या. नक्षत्राचा आकार काढताना ओळखीच्या ताऱ्यापासून सुरुवात करा: सप्तर्षीचे पुढचे दोन तारे, तिथून पाचपट अंतरावर ध्रुव (तो तीन मुठींच्या खाली असेल तर शेवटचा टप्पा शब्दांनी). रेषा सावकाश, एकदाच. पुन्हा पुन्हा गिरवू नये. अंधाराला डोळा सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि हिरवा रंग रात्रीच्या दृष्टीला नेमका झोंबणारा आहे. सतत चालू लेझरमुळे ज्यांच्यासाठी दाखवतोय त्यांचेच डोळे बिघडतात.

धुकं, दव किंवा धूर असेल तर झोत पांढऱ्या काठीसारखा ठळक होतो आणि दिपवतो. अशा रात्री तो अर्ध्या वेळेपुरताच वापरावा किंवा नाहीच.

विमान

५ मिलिवॅटच्या हिरव्या झोताने तात्पुरती अंधारी येण्याचं अंतर सुमारे ८० मीटर, समोरचं दिसेनासं करणारी चकाकी सुमारे ३५० मीटर आणि लक्ष विचलित होण्याचं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. झोतही लांबवर बारीक राहत नाही: १ मिलिरेडियनने तो एका किलोमीटरवर मीटरभर रुंद झालेला असतो आणि कॉकपिटच्या ओरखडलेल्या काचेवर पसरून पूर्ण काच हिरवी करतो. उतरणाऱ्या विमानाच्या चालकासाठी हे अतिशय घातक आहे. अमेरिकेत २०१२ पासून विमानावर लेझर रोखणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ब्रिटनमध्ये २०१८च्या कायद्यात विमानाबरोबर इतर वाहनंही आली.

विमान ओळखण्यात दोन फसवणुकी होतात. सरळ आपल्याकडे येणाऱ्या विमानाचा पुढचा दिवा बराच वेळ हलत नाही, तो शुक्र किंवा व्याध वाटतो. तुम्हाला माहीत नसलेला ठळक "तारा" दिसला तर त्याच्याकडे आधी अर्धा मिनिट नुसतं बघा. दुसरी फसवणूक आवाजाची. दहा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात विमान सात-साडेसात किलोमीटर पुढे गेलेलं असतं. आवाज आला त्या दिशेला बघून "विमान नाही" म्हणू नका, त्याच्या पुढे बघा.

विमान दिसलं की ते आकाशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असो, लेझर बंद आणि ते जाईपर्यंत बंदच. गटातल्या एखाद्या चुणचुणीत मुलाला "विमान" ओरडायचं काम द्यावं, ते हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. हलणाऱ्या उपग्रहामागे झोत फिरवण्याची हौसही सोडून द्यावी: तो उपग्रहच आहे, याची खात्री प्रत्येक वेळी नसते.

दुर्बिणींच्या आसपास

दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस असताना त्या नळीच्या दिशेने झोत जाता कामा नये. बायनॉक्युलरचं तसंच: ५० मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा पन्नासपट प्रकाश गोळा करतं, त्यामुळे लांबवरच्या चालू पॉइंटरकडे त्यातून बघणं नुसत्या डोळ्यांनी बघण्याहून कितीतरी वाईट. चकचकीत नळ्या, गाडीच्या काचा, फोनचे पडदे, चष्मे यांवरून झोत परततो.

काही जण शोधक-दुर्बिणीच्या (मोठ्या दुर्बिणीवरच्या नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) जागी लेझरच बसवतात. गुडघे न टेकता दुर्बीण रोखता येते, हे खरं. बसवताना कमी वर्धनाच्या नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) ध्रुवतारा मधोमध आणायचा आणि धारकाचे स्क्रू फिरवत झोत त्यावर न्यायचा. ध्रुव जवळजवळ हलत नाही, म्हणून घाई होत नाही. पण समूहात अशा लेझरचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं नसावं, आणि मोटरवरची दुर्बीण एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वळत असताना लेझर बंदच हवा. ती वळताना कुठून फिरेल हे कोणी बघत नसतं.

काही बिघडलं तर

थंडीत ५३२चा पॉइंटर फिका पडतो किंवा लागतच नाही, कारण डायोडचं तापमान बदललं की त्याची तरंगलांबी स्फटिकाला लागणाऱ्या ८०८पासून सरकते. तो आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. थंड जागी नेहमी कार्यक्रम असतील तर थेट ५२० नॅनोमीटर देणारा डायोडचा पॉइंटर बरा, त्यात स्फटिकांची भानगडच नसते. सेल थंडीत लवकर उतरतात, एक जोडी जादा ठेवा. फिका पडलेला झोत तपासायला तोंडाशी डोळा कधीही नेऊ नये, हे पुन्हा सांगितलेलं बरं.

कोणाच्या डोळ्यांत झोत गेलाच तर त्याला खाली बसवा, डोळा चोळू देऊ नका. साधारणपणे डोळ्यांपुढचा डाग काही मिनिटांत विरतो. डाग तसाच राहिला, अक्षरं वाकडी दिसू लागली किंवा एका जागी पोकळी वाटली तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि पॉइंटरही बरोबर न्या, त्यावरचं लेबल त्यांना उपयोगी पडतं.

भलत्याच कोणी लेझर काढला तर अंधारातून ओरडू नका, तो दचकून आवाजाच्या दिशेने वळतो आणि झोतही वळतो. शेजारी जाऊन हळू सांगा, "आज एकच लेझर ठरलाय." लहान मुलांच्या हाती "एकदाच" म्हणूनही देऊ नये, एकाला दिला की रांग लागते.

लेझर बंद असताना काम अडत नाही. हात लांब करून करंगळी एक अंश, मधली तीन बोटं पाच, मूठ दहा. "मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे धरा, रेषा डावीकडे खाली दोन मुठी न्या, व्याध" असं सांगितलं की तो बहुतेकांना सापडतो. दक्षिणेकडे तोंड करून उत्तर गोलार्धातून बघतोय हे आधी सांगायचं, दक्षिण गोलार्धात डावं-उजवं आणि वर-खाली उलटतं. कार्यक्रम संपला की पॉइंटरमधून एक सेल काढून उलटा घालून ठेवा, म्हणजे पिशवीत बटण दाबलं गेलं तरी तो लागणार नाही.